बॅग एकट्यासाठीच का भरलीय?

"मॅडम, पोरगं दिवसरात्र जगबुडीच्या गोष्टी वाचूलालंय, डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?" बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आई खुर्चीत बसायच्या आधीच मला कळतं. शहापूर, वडगाव, खानापूर, कुठूनही येऊ देत, काळजी तीच. कुणाचा मुलगा झॉम्बीच्या सिरीज बघतो, कुणाची मुलगी "मी लग्नबिग्न करणार नाही, जगच राहणार नाही" म्हणते. कोरोनानंतर तर हे जास्तच वाढलंय. प्रत्येकीला तेच तेच समजावण्यापेक्षा एका मुलाची गोष्ट लिहिते. घरच्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला ओंकार म्हणूया.

ओंकार निपाणीकडचा, वेदगंगेच्या काठचं गाव. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बेळगावात मामाकडे राहून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स. मार्क चांगले, पण घरात कुणाशी बोलणं नाही. एक दिवस मामीला कॉटखाली एक बॅग सापडली, आत दोरी, काडेपेट्या आणि चाकू, आणि चाकू बघून घरात जो काही गोंधळ झाला असेल तो तुम्ही समजू शकता.

सुरुवातीला तो माझ्याशी फक्त सिद्धांत बोलायचा. "मॅडम, सिस्टीम कोसळली की कोण कुणाचं नसतं. एकटा राहतो तोच टिकतो. सगळ्या पुस्तकांत हेच आहे."

आता इथे बरेच पालक (आणि खरं सांगायचं तर बरेच समुपदेशकही) म्हणतात, सोड रे ती पुस्तकं. मी विचारलं, कुठली पुस्तकं? तर त्यातलं एक 'द हंगर गेम्स', सुझान कॉलिन्सचं, 2008 चं. त्यात कॅपिटॉलचं सरकार चोवीस मुलांना एका मैदानात सोडतं आणि एकच उरेपर्यंत एकमेकांशी लढायला लावतं. कॅटनिस, तिचा जोडीदार पीटा, लहानगी रू आणि रूच्याच जिल्ह्याचा थ्रेश हे त्यातलेच. मी ते वाचून काढलं. पालकांनाही मी हेच सांगते, हिसकावून घेण्याआधी एकदा वाचा तरी.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "कॅटनिस एकटी जिंकली का रे?"

"हो मग. चोवीस जणांतनं."

"बरं. त्या विषारी गांधीलमाश्यांचं पोळं तिला कुणी दाखवलं?"

"रूनं."

"डंखावर पाला कुणी लावला?"

"तिनंच."

"थ्रेशनं तिला हातात सापडलेली असताना का सोडलं?"

जरा थांबून म्हणाला, "रूसाठी. खरं मॅडम, शेवटी तिनं डोकं चालवलं म्हणून..."

"शेवटी काय केलं?"

इथे तो स्वतःच अडकला आणि स्वतःच सुटला. शेवटी उरलेले कॅटनिस आणि पीटा विषारी बेरी मिळून खायला निघतात. कॅटनिसनं एकटीनं खाल्ल्या असत्या तर पीटा उरला असता, म्हणजे कॅपिटॉलला विजेता मिळालाच असता, कुणाचं काही बिघडलं नसतं. दोघांनी एकदम हात तोंडाकडे नेले म्हणून तर सरकार घाबरलं. हे मी नाही सांगितलं, त्यानं सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

मग ऑरवेलचं '1984' निघालं, हे त्यानं मोबाईलवर पीडीएफ वाचलेलं. माणसांवर सतत नजर ठेवणाऱ्या सरकारची ही गोष्ट, विन्स्टन तिचा नायक आणि ज्यूलिया त्याची प्रेयसी. त्यात शेजारच्या पार्सन्सला त्याची स्वतःची लहान मुलगी पकडून देते. विन्स्टनला मारहाण होते, उपाशी ठेवतात, पण तो खरा मोडतो खोली नंबर 101 मध्ये, जिथे माणसासमोर त्याची सगळ्यात मोठी भीती आणतात, जेव्हा तो ओरडतो की माझ्याऐवजी हे ज्यूलियाला करा. मी ओंकारला एवढंच विचारलं की एकटा माणूस जर सगळ्यात ताकदवान, तर सरकार माणसांना एकटं करण्यासाठी एवढा खटाटोप का करतंय? उत्तर मागितलं नाही. काही प्रश्न मुलांनी घरी न्यायचे असतात.

आपल्या मराठी समुपदेशनात अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीला मानणारे खूप, तुझा विचार चुकीचा कसा ते तर्काने दाखवायचं. मला तिचा आदर आहे, पण मी आल्फ्रेड ॲडलरच्या बाजूची. माणूस काय विचार करतो याच्या आधी मी बघते तो कुणाचा आहे, कुठे त्याला आपली जागा वाटते. तर्कात ओंकार मला सहज हरवला असता, पोरगं हुशार होतं.

म्हणून एकदा म्हटलं, ती बॅग घेऊन ये (चाकू घरी ठेव बाबा).

त्यानं टेबलावर एकेक वस्तू मांडली. टॉर्च, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या, पार्ले-जीचे पुडे, ओआरएस, नायलॉनची दोरी, पाण्याची बाटली. मांडणी इतकी व्यवस्थित की मला कौतुकच वाटलं आणि मी तसं म्हणालेही. आणि सगळ्यात शेवटी एक शिट्टी, पीटीच्या सरांकडे असते तशी, लाल दोरीची.

"ही कशाला?"

"कुठं अडकलो तर वाजवायला."

"ऐकणार कोण?"

तो बोलायचा थांबला. मी पण थांबले. एकटा टिकणाऱ्या माणसाच्या बॅगेत शिट्टी कशाला असेल? त्याच्या डोक्याला जे पटत नव्हतं ते त्याच्या हातांनी बॅग भरताना आधीच कबूल केलं होतं की कुणीतरी येईल. इतक्या वर्षांच्या कामात मला अशा क्षणी लगेच अर्थ सांगायची घाई होत नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "पुरात आजीकडं शिट्टी नव्हती. ती ताट वाजवत होती."

2019 चा ऑगस्ट. कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा सगळ्याच चढलेल्या, पुणे-बेंगळूर हायवेसुद्धा पाण्यामुळे बंद पडलेला. ओंकार तेव्हा पाचवीत. त्याला लक्षात होतं ते एवढंच की बोट उशिरा आली. मी विचारलं, बोट येईपर्यंत कुठे होता? मग हळूहळू निघालं. ताटाचा आवाज ऐकून शेजारचे कन्नड बोलणारे अण्णा ट्रॅक्टर घेऊन आले, आजीला ट्रॉलीत उचलून ठेवलं, त्यांच्या माडीवर सगळे दाटीवाटीनं राहिले, आणि त्या घरच्या अक्का स्टोव्हवर भाकऱ्या करत होत्या. हे सगळं त्याच्याच आठवणीत होतं, फक्त त्याच्या सिद्धांतात त्याला जागा नव्हती.

मग आत्ता काय झालं? आत्ता, हे सगळ्यात शेवटी आलं, आणि माझ्या मते खरं दुखणं हेच. कॉलेजात सगळं इंग्लिशमध्ये, मधल्या सुट्टीत पोरं कन्नडमध्ये, ह्यानं तोंड उघडलं की कुणीतरी हसायचं. "मॅडम, जग बुडालं तर कॉलेज पण बुडेल ना," असं तो हसत म्हणाला आणि मला सगळं कळलं. जगबुडीची त्याला भीती नव्हती, त्याला ती हवीच होती. त्या दिवशी सगळेच त्याच्याएवढे एकटे झाले असते.

मी त्याला ऑक्टाव्हिया बटलरचं 'पॅराबल ऑफ द सोअर' सुचवलं. 1993 चं पुस्तक, गोष्ट सुरू होते 2024 मध्ये. त्यातली लॉरेन ओंकारच्याच वयाची, तीही अशीच बॅग भरून ठेवते. वस्ती जळाल्यावर ती बॅग घेऊन निघते, पण वाटेत माणसं जोडत जाते. ओंकारचा मुद्दा होता की टोळ्या पण असतात की, सगळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा? बरोबर आहे, लॉरेनही ठेवत नाही. ती नव्या माणसाला आधी पारखते, रात्री पाळीनं पहारा ठेवते, आणि मग घासातला घास देते. मला वाटतं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला याहून चांगला सल्ला नाही. सगळ्या वर्गाशी दोस्ती करू नकोस, एकाला पारख. त्यानं गोकाकचा एक मुलगा निवडला, ज्याला फिजिक्स जमत नव्हतं. आता ह्याचं कन्नड सुधारतंय आणि त्याचं फिजिक्स.

तर पालकांनो, मूल काय वाचतंय यापेक्षा ते कुणाशी बोलतंय हे बघा. अशा गोष्टी वाचणारी मुलं बहुतेक वेळा घाबरलेली नसतात, ती विचार करत असतात की वाईट वेळ आली तर माझ्याबरोबर कोण. "असलं काय वाचतोस" म्हणू नका, "शेवटी कोण कोण जगलं आणि कुणामुळे?" एवढं विचारा, गप्पा आपोआप सुरू होतात. पण झोप उडाली, जेवण सुटलं, किंवा जग संपण्यापेक्षा स्वतः संपण्याबद्दल बोलणं सुरू झालं, तर पुस्तकावर चर्चा करत बसू नका, लगेच डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा, रात्रीबेरात्री टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

आणि ओंकारच्या आईनं विचारलं होतं, बॅग टाकून देऊ का? अजिबात नको. नदीकाठच्या घरात अशी बॅग असलेलीच बरी. फक्त त्यात आजीच्या बीपीच्या गोळ्या घाला, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, चार्जर, आणि शेजारच्या अण्णांचा नंबर कागदावर लिहून.