बार्बेरीचं नवं वाण आणि आपली नाशिकची काळी माती

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मखमलाबादकडच्या बंगल्यापुढे चाळीस फुटांची ठेंगणी बॉर्डर करायची आहे. व्हिडिओत मरून पानांची, बी न धरणारी नवी बार्बेरी (थंड मुलखातलं काटेरी झुडूप) पाहिली. नर्सरीवाला म्हणतो, डोंगराकडून मागवून देतो, साडेतीनशेला एक रोप. लावू का?

नका लावू. पण एवढं बोलून उठत नाही, कारण हा धडा मी पदरचे पैसे घालून शिकलोय.

आधी 'नवं' म्हणजे नेमकं काय नवं ते बघू. ही मुळात जपानी बार्बेरी. लाल पानांचं ठेंगणं 'क्रिमसन पिग्मी' वाण हॉलंडमध्ये 1942 साली निघालं, म्हणजे मरून रंगात काही नवल नाही. पुढे अमेरिकेत पंचाईत झाली. पक्षी तिची लाल फळं खातात, बी जंगलात पडतं आणि झाडाखालची सगळी जागा बार्बेरीच बळकावते. न्यूयॉर्क राज्याने 2015 मध्ये विक्रीवर बंदी घातली, पण बी न धरणाऱ्या ठरावीक वाणांना सूट ठेवली. कनेक्टिकट विद्यापीठाने 'क्रिमसन क्युटी', 'लेमन ग्लो' अशी जवळजवळ बी न येणारी वाणं काढली ती याच कारणाने. म्हणजे हे नवेपण त्यांच्या जंगलाच्या दुखण्यावरचं औषध आहे. काटे तेच, थंडीची मागणी तीच. आपल्याकडे बियांचं राहू द्या, रोप दुसऱ्या वर्षी फुलावर आलं तरी पेढे वाटा.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसचं काम होतं. मालकांनी परदेशात पाहिलं होतं, त्यांना तोच रंग हवा होता. साठ रोपं आणली आणि जानेवारीत लावली. फेब्रुवारीत पालवी इतकी देखणी फुटली की मीच फोटो काढून गिऱ्हाइकांना दाखवत फिरलो. मार्चअखेर पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. एप्रिलमध्ये दुपारी पान चिमटीत धरलं की भाजलेल्या पापडासारखं कुरकुरायचं. शेडनेट बांधलं, तर करपणं थांबलं पण मरून रंग उतरून मळकट हिरवा झाला. या झाडाला रंग चढतो उन्हानेच, आणि आपलं ऊन त्याला सोसत नाही. जुलैत काळ्या मातीत पाणी साचलं. एक रोप उपटून पाहिलं तर मुळाची साल बोटाने सरकत होती, आत काळपट गाळ. दसऱ्याला अकरा रोपं उरली. त्यांचीही पानं हिवाळ्यात धड गळली नाहीत आणि पुढच्या वसंतात डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, फुटलेच नाहीत. पैसे मी परत केले, त्याबद्दल तक्रार नाही.

डोळे का फुटले नाहीत हे नाशिककराला द्राक्षावरून चटकन कळेल. द्राक्षही थंड मुलखातलं. आपल्याकडे ते झोपी जात नाही, म्हणजे थंडीत पानं गाळून वाढ थांबवत नाही, म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या, आणि ऑक्टोबरला डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. एवढं सगळं करतो कारण घड विकून पैसे येतात. बार्बेरी उणे तीसच्या आसपासची थंडी काढणारं झाड, तिला हिवाळाभर सलग गारवा लागतो. निफाडला पारा पाचाखाली गेला की पेपरात बातमी येते खरी, पण दुपारी बारा वाजता त्याच निफाडमध्ये स्वेटर काढावा लागतो. बॉर्डरच्या झुडपाला पेस्ट लावत कोण बसणार?

आणि रोप खरंच बार्बेरीचं आहे का, हेही तपासा. माझ्या साठातली सहा भलतीच निघाली. फांदीची साल नखाने खरवडा, आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं दिसलं पाहिजे. आपली हिमालयातली दारुहळद तिचीच बहीण, पिवळेपणा दोघींत एकाच द्रव्याचा, बर्बेरिनचा.

खाली एकांनी विचारलंय, बार्बेरीमुळे गव्हावर तांबेरा येतो का. गव्हाच्या खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचं दुसरं घर म्हणजे बार्बेरी, पण मुख्यतः युरोपातली साधी जात. त्या झुडपावर तांबेऱ्याच्या बुरशीचा संकर होऊन नवे प्रकार निघतात, म्हणून अमेरिकेने 1918 पासून ती झुडपं उपटायची मोहीमच काढली. जपानी बार्बेरीवर हा रोग सहसा बसत नाही. शिवाय आपल्याकडे काळा तांबेरा दरवर्षी येतो तो दक्षिणेकडच्या निलगिरी-पळणीच्या डोंगरातून, वाऱ्यावर. तेव्हा बंगल्यापुढच्या झुडपाने निफाडचा गहू बुडेल ही भीती नको.

मग लावायचं काय? मरूनच हवा असेल तर लाल अकॅलिफा. दीड फुटावर एक रोप, म्हणजे चाळीस फुटांना अठ्ठावीस रोपं. महिन्या-दीड महिन्याने कात्री चालवलीत तर दोन फुटांवर राहतो, विसरलात तर वर्षात छातीपर्यंत येतो. अगदी बुटकी रेघ हवी असेल तर लाल अल्टरनेन्थेरा, पण त्याला कात्री आणखी लवकर लागते. सोनेरी डुरांटा मी सांगणार नाही, गावभर तोच आहे आणि मला त्याचा कंटाळा आलाय.

कुत्री-गुरं अडवायला काटेच हवे असतील तर बाहेरच्या अंगाला करवंद. त्र्यंबक, पेठच्या रस्त्याला मे महिन्यात बायका द्रोणात विकतात तेच. ऊन, मुरूम, पाण्याची ओढ, सगळं सोसतं आणि बारमाही हिरवं राहतं. बी मात्र पिकलेल्या फळातून काढून लगेच पेरा, ठेवलेलं उगवत नाही. पहिली दोन वर्षं अगदी सावकाश वाढतं, तेवढा धीर धरा.

इतकं वाचूनही हौस फिटत नसेल तर बार्बेरीचं एकच रोप घ्या, चौदा इंची कुंडीत. निम्मा बारीक मुरूम, बाकी पोयटा आणि थोडं शेणखत. कुंडी पूर्वेकडच्या भिंतीशी, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवा. आणि भाचा अमेरिकेहून येताना बॅगेत फांद्या आणतो म्हणत असेल तर त्याला थांबवा. आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना रोपं आणणं बेकायदा आहे, विमानतळावर काढून घेतात.

अकॅलिफा लावायच्या आधी खड्ड्याचा एक फोटो इथे टाका. मखमलाबादला काही ठिकाणी दोन फुटांवर मुरूम लागतो आणि काही ठिकाणी नुसती काळी चिकण. चिकण निघाली तर आधी वाफा नऊ इंच उचलावा लागेल, मग रोपं.