स्टेक भाजतो की उकडतो?

वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघरातली उत्तरं

दीड इंच जाडीचा रिबआय, म्हणजे बरगडीजवळच्या गोमांसाचा स्टेक, आणला. पंधरा मिनिटं आधी मीठ लावलं, तवा कडकडीत तापवला, तरी मांसाला पाणी सुटलं आणि रंग राखाडीच राहिला. कुठं चुकलं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

त्या पंधरा मिनिटांत. मीठ लावल्यावर आधी पाणी वर येतं. पाऊण-एक तास थांबलात तर तेच खारं पाणी बरंचसं परत आत मुरतं. तुम्ही नेमक्या मधल्या, सगळ्यात ओल्या अवस्थेत मांस तव्यावर टाकलंत. वरचा थर ओला असेपर्यंत त्याचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर सरकत नाही, आणि खरपूस तांबूस रंग धरायला साधारण 140 अंश तरी लागतात. तोवर तुमचा स्टेक स्वतःच्याच पाण्यात उकडत राहिला.

म्हणून मीठ एकतर तव्यावर टाकतानाच लावा, नाहीतर किमान पाऊण तास आधी. सगळ्यात उत्तम म्हणजे आदल्या रात्री लावून, जाळीवर ठेवून, न झाकता फ्रिजमध्ये. 400 ग्रॅम मांसाला 4 ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे पाऊण लहान चमच्याला थोडं कमी. भाजण्यापूर्वी कागदी टॉवेलने दोन्ही बाजू आणि कडा टिपून घ्या. मिरी शेवटी. आधी लावली तर जळून कडू होते.

तवा बिडाचा हवा. मध्यम-मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा. नॉनस्टिक इथे कामाचा नाही, इतक्या धगीला त्याचा थर खराब होतो. लोणी सुरुवातीला घालू नका. त्यातला दुधाचा अंश लगेच करपतो. आपलं साजूक तूप मात्र चालतं, कारण तो अंश कढवताना बेरीच्या रूपाने निघून गेलेला असतो. एक मोठा चमचा तूप किंवा रिफाइंड शेंगदाणा तेल पुरे.

एकदाच उलटायचा, हा नियम विसरा. दर मिनिटाला उलटला तर आत जास्त सारखा शिजतो आणि थोडा लवकरही होतो. दीड इंचाला एकूण 8 ते 10 मिनिटं. चरबीची कड चिमट्याने उभी धरून एक मिनिट भाजा. शेवटची दोन मिनिटं आच कमी करून ठेचलेला लसूण आणि चमचाभर लोणी घाला, आणि ते वितळलेलं लोणी चमच्याने वरून सोडत राहा.

स्टेकमधून ताटलीत लाल पाणी उतरतं, म्हणून घरचे खात नाहीत. ते रक्त आहे का? आणि नेमका किती शिजवायचा?
— लंडनहून

रक्त नाही. ते पाणी आणि मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूतलं प्राणवायू साठवणारं लाल प्रथिन. जास्त शिजलं की ते करडं-तपकिरी होतं, म्हणून पूर्ण शिजलेल्या तुकड्यात लाली दिसत नाही.

अंदाजाने बोट दाबून बघण्यापेक्षा टोकदार थर्मामीटर घ्या. तो बाजूने, जाडीच्या मधोमध खुपसायचा. खाताना आत 50 ते 52 अंश असेल तर रेअर (आत लाल, कच्चट), 54 ते 57 मीडियम रेअर (आत गुलाबी-लाल), 60 ते 63 मीडियम (मधोमध गुलाबी). 70 च्या पुढे रिबआयसुद्धा चिवट लागतो. उतरवल्यावरही आतलं तापमान तीनेक अंश चढतं, तेवढं आधीच उतरवा आणि पाच मिनिटं जाळीवर ठेवा. अमेरिकेच्या कृषी खात्याची अख्ख्या तुकड्यासाठीची शिफारस 63 अंश आणि तीन मिनिटं विसावा अशी आहे. गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस पंगतीला असेल तर त्याखाली जाऊ नका.

आणि हो, मोठ्या आचेवर भाजलं की रस आत कोंडला जातो, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने पसरली आणि चुकीची आहे. भाजतानाचा चर्र आवाज म्हणजे रस बाहेर पडत असल्याचीच खूण. भाजायचं ते चवीसाठी.

अमेरिकी कृतीत न्यूयॉर्क स्ट्रिप (कमरेजवळचा बिनहाडाचा स्टेक) लिहिलंय, इथल्या दुकानात ते नावच नाही.
— मेलबर्न

पोर्टरहाउस मागा, तोच तो. अमेरिकेत मात्र पोर्टरहाउस म्हणजे मोठा टी-बोन, टी आकाराचं हाड असलेला स्टेक. तुमच्याकडचा स्कॉच फिलेट म्हणजे बिनहाडाचा रिबआय, आणि आय फिलेट म्हणजे आपल्या खाटकाचा अंडरकट, कण्याखालचा मऊ तुकडा.

अंडरकट आणतो, तरी कोरडा आणि चिवट होतो. कच्ची पपई लावू का?
— पुणे

पपई नको. तिचा परिणाम वरच्या थरावरच होतो. बाहेरून पिठूळ, आत तसाच.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून वळू आणि बैलांच्याही कत्तलीवर आहे, म्हणजे तुम्हाला मिळतो तो म्हशीचा. त्यात आतली चरबी फारच कमी, त्यामुळे 65 अंश ओलांडले की सुकतोच. पण चिवटपणाचं खरं कारण बहुधा वेगळं आहे. सकाळी कापलेलं मांस त्याच दिवशी शिजवलं तर स्नायू अजून आखडलेले असतात. फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, सैल झाकून, दोन दिवस ठेवा. मांसातली स्वतःची एन्झाइम्स ते मऊ करतात. वरचा पांढरट चकाकणारा पापुद्रा सुरीने सोलून काढा. तो शिजत नाही, उलट आकसून तुकडा वाकडा करतो. तीन सेंटिमीटर जाड काप करा. उघड्यावरच्या दुकानातलं मांस असेल तर 63 अंशांपर्यंत न्याच, पण तिथेच थांबा. खाताना धाग्यांना आडवं कापा.

सोबतच्या भाज्या भाजल्यासारख्या होतच नाहीत, लेचापेच्या होतात. शिवाय स्टेक तयार होतो तेव्हा भाज्या कच्च्या असतात.
— नाशिक

ट्रे गच्च भरता ना? भाज्यांमधून निघालेली वाफ बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर भाज्या उकडतात, स्टेकसारखंच. दोन माणसांच्या ट्रेमध्ये 500 ग्रॅमच्या वर नको, आणि तुकडे एकमेकांना टेकता कामा नयेत. ओटीजी लहान असेल तर दोन खेपा करा. धुतलेल्या भाज्या कोरड्या करा. 500 ग्रॅमला दीड मोठा चमचा तेल घाला, आणि ट्रे ओव्हनमध्येच तापवून घ्या.

बटाटे वेगळे हाताळायचे. तीन सेंटिमीटरच्या फोडी मिठाच्या पाण्यात आठ मिनिटं उकळा, त्यात लिटरला अर्धा लहान चमचा खायचा सोडा घाला. सोड्याने फोडीच्या कडा पिठूळ होतात आणि त्याच पुढे कुरकुरीत होतात. निथळून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, मग झाकण ठेवून भांडं दोनदा हलवा.

आठला जेवायचं तर बटाटे सातपर्यंत उकळून ठेवा आणि सात वाजता ओव्हन 220 अंशांवर लावा. सव्वासातला बटाटे आणि गाजराचे जाड तुकडे आत. 7:35 ला ते उलटून ब्रोकोली, ढोबळी मिरची आणि कांद्याच्या पाकळ्या टाका. ब्रोकोली आधी घातली तर काळी पडते. 7:39 ला तवा शेगडीवर ठेवा, खिडकी उघडा, 7:45 ला स्टेक टाका. 7:55 ला दोन्ही बाहेर. स्टेक विसावताना खाली उतरलेला रस फेकू नका, भाज्यांवर ओता.