कार्बोरेटर खोलायच्या आधी बल्ब बघा

तुम्ही लिहिलंय की होडीचं 25 एचपीचं टू-स्ट्रोक मशीन पावसाळाभर शेडमध्ये होतं. आता पाण्याच्या पिंपात लावलं की पहिल्याच दोरीला सुरू होतं, खाडीत हळू चालवलं तर कुरकुर नाही. पण पूर्ण रेस दिली की तीन-चार मिनिटांत मरगळतं आणि बंद पडतं. टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलच्या नळीतला, हातानं दाबायचा रबरी बल्ब दाबला की परत उचल घेतं. प्लग नवे टाकून झाले, आता मेकॅनिक कार्बोरेटर खोलू म्हणतोय.

आज तरी खोलू देऊ नका. बल्ब दाबल्यावर मशीन उचल घेतं, यातच अर्धं उत्तर आलं. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, तुंबलेला असता तर बल्ब दाबून सहसा काही फरक पडला नसता. म्हणजे पेट्रोल मिळालं की कार्बोरेटर आपलं काम करतोय. ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. पिंपात हे कळणार नाही, कारण तिथे मशीनवर ओझंच नसतं. हे मशीन पूर्ण रेसला तासाला दहा लिटरच्या आसपास पेट्रोल ओढतं, हळू चालताना त्याचा किरकोळ भाग.

तेव्हा खाडीत जा, पण सोबत कुणीतरी घ्या. एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं नजर बल्बवर ठेवायची. मशीन मरायला लागेल त्या क्षणी बल्ब चपटा झाला, तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. बल्ब मऊ पडला पण आकार धरून राहिला, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय किंवा पेट्रोल पंप थकलाय. बल्ब टणकच राहिला, तर पुढे फिल्टरकडे वळा.

चपटा होत असेल तर सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. हसू नका. देवबागच्या संगमाजवळ, ओहोटी लागलेली असताना, माझं मशीन असंच बंद पडलं होतं. नांगर टाकून प्लग काढले, पुसले, परत लावले, घाम फुटला. शेवटी झाकण उघडलं तर टाकीनं सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत घेतली. टेम्पोतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो स्क्रू मीच घट्ट केला होता. तेव्हापासून होडीत पाय ठेवला की हात आधी त्या झाकणावर जातो.

स्क्रू उघडा असेल तर टाकीतल्या ओढनळीची जाळी बघा, आणि मग टाकीपासून बल्बपर्यंतची नळी. नळी बाहेरून कितीही चकचकीत दिसू दे, तिचं आतलं अस्तर सुटलेलं असू शकतं. जोरात ओढ बसली की ते मिटतं, रेस कमी केली की उघडतं. ही नळी कापून आत बघितल्याशिवाय कळत नाही. जुनी असेल तर सरळ बदला, इथेनॉलचं पेट्रोल चालणारी घ्या. तुमचं मशीन हळू चालताना ठीक असतं, म्हणून मला या नळीचा संशय जास्त आहे.

बल्ब मऊ पडत असेल तर नळीच्या टोकाच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बघा. मिठानं आणि उन्हानं ती कडक होते, पेट्रोल गळत नाही पण हवा आत घेते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पेट्रोल नळी लावून बघा. बुडबुडे धावताना दिसले की चोर सापडला. ओ-रिंग आणि नळीचे क्लिप बदलूनही फरक नसेल तर पंपाचा पडदा. नवा बल्ब बसवताना त्यावरचा बाण मशीनकडे हवा. उलटा बसवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

पावसाळ्याआधीचं पेट्रोल टाकीत तसंच असेल तर ते वापरू नका. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर अख्खी टाकी रिकामी करा. त्या थरात पाणी नि इथेनॉल असतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच राहतं. तोच थर मशीननं ओढला तर पिस्टन कोरडा चालतो.

हे सगळं करायला वेळ नसेल तर ओळखीच्या कुणाची चालू टाकी, नळी आणि बल्ब असा अख्खा संच लावून एक फेरी मारा. मशीन दहा मिनिटं पूर्ण रेसला टिकलं तर मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा.

तोवर मात्र बल्ब दाबत-दाबत जोरात चालवू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी, आणि पूर्ण रेसला असं चाललं तर पिस्टन जाम होतो. बल्ब चपटा होतोय की मऊ, एवढं बघून इथे लिहा.