गावी एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या लॅपटॉप आणि फोनसाठी कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक, गावी एकटे. तुम्ही बंगळुरूला. त्यांच्याकडे जुना विंडोज १० चा लॅपटॉप आणि नवा अँड्रॉइड फोन. गावातला दुकानदार म्हणतो, दोन्हींसाठी तीन वर्षांचा अँटिव्हायरस एकदमच घेऊन टाका. घ्यावा का, आणि कोणता?

मी स्वतः असाच दुकानदार आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एकवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतोय आणि अँटिव्हायरसच्या खोक्यांवर चार पैसे मीही कमावलेत. तरी सांगतो, घेऊ नका. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, सोबतच येतो, घरगुती वापराला तो पुरतो, आणि विकतचा घातला की तो बाजूला सरकतो. मुदत संपली की विकतच्याची लाल खिडकी रोज उघडणार आणि वडील तुम्हाला रोज फोन करणार, हा भाग वेगळाच.

लॅपटॉपची खरी अडचण दुसरी आहे. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळतात. ती नोंदणी केलीय का ते आधी बघा. विंडोज ११ ला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर तो बहुतेक चढणार नाही. मग त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका, नाहीतर तो फोटो बघायला आणि टायपिंगला ठेवून बँकेचं काम त्यावरून बंद करा. आणि कुणी 'ओरिजिनल विंडोजची काय गरज, मी क्रॅक मारून (म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकट) देतो' म्हणाला तर लॅपटॉप उचलून घरी न्या. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा असं त्यातच लिहिलेलं असतं. एके काळी आम्ही सगळ्यांनी हे उद्योग केले, मीही केले, म्हणूनच सांगतो.

'व्हायरस आलाय' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात लॅपटॉपमध्ये व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं. मग क्रोम उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी सूचना दाखवत बसतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १३ व्हायरस'. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की काम झालं. तिथेच 'साइट्सना सूचना पाठवायची परवानगी नाही' हा पर्याय कायमचा निवडून ठेवा. दोन मिनिटांचं काम. याचे लोक बाहेर पाचशे रुपये देतात.

लॅपटॉपचं एवढं पुरे. चोराला लॅपटॉपशी घेणंदेणं नाही, त्याला पेन्शन हवीय. म्हणून पैशांची मांडणी बदला. माझ्या ओळखीच्या सगळ्या ज्येष्ठांना मी एकच गोष्ट करायला लावतो: दोन खाती, दोन नंबर, दोन फोन.

कारण समजून घ्या. यूपीआयचं अ‍ॅप नव्या फोनमध्ये टाकलं की ते त्या फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. त्यावरून नंबर पक्का होतो आणि त्या नंबरला जोडलेली खाती अ‍ॅपला दिसतात. पुढे डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि ओटीपी एवढ्यावर नवा यूपीआय पिन तयार होतो. म्हणजे पेन्शनचं खातं आणि भाजीवाल्याला पैसे द्यायचं खातं एकाच नंबरवर असेल, तर यूपीआयला तुम्ही कुठलं जोडलंय याला फारसा अर्थ उरत नाही. फोन किंवा त्यातले मेसेज ज्याच्या हाती पडले, त्याच्यासमोर दोन्ही उघडी.

तेव्हा असं करा. पेन्शनच्या खात्याचा नंबर वेगळा घ्या आणि ते सिम बटणाच्या फोनमध्ये घाला. आधारचा नंबरही तोच ठेवा. या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नाही, लिंक नाही, अ‍ॅप नाही, त्यामुळे ओटीपी परस्पर चोरणं फार अवघड. स्मार्टफोनच्या नंबरवर दुसऱ्या बँकेत छोटं खातं काढा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरते पाच-सात हजार ठेवा. बँक दुसरीच हवी, कारण एका बँकेत ग्राहकाचा नंबर बहुधा एकच नोंदलेला असतो आणि तिथे दोन खात्यांना दोन नंबर देताना काउंटरवरची मंडळी वैतागतात. पेन्शनच्या खात्याचं नेट बँकिंग बंद करायला सांगा, किंवा बऱ्याच बँका 'फक्त बघण्यापुरतं' देतात, तसं करून घ्या. ऑनलाइन एफडी चार क्लिकमध्ये मोडते आणि ठेवलेले पैसे बचत खात्यात येऊन पडतात, हे बऱ्याच जणांना गेल्यावरच कळतं. तुमच्या वडिलांना पासबुक भरायला शाखेत जायची सवय असणारच. ती सोडायला लावू नका.

दोन बारीक गोष्टी राहतात. काही कंपन्यांचं सिम जुन्या टू-जी डबड्यात चालत नाही, म्हणून फोर-जी बटणाचा फोन घ्या. आणि त्या सिमचं रिचार्ज चुकू देऊ नका. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, मग बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जातात. रिचार्जची आठवण तुमच्या फोनमध्ये लावा, त्यांच्या नको.

आता स्मार्टफोन. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या फसवणुकीच्या फोनांमध्ये एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून फाइल येते: 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलन'. नावाच्या शेवटी एपीके असतं. ही पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. ते चढलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे पाठवतं आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांना तीच पत्रिका धाडतं. म्हणूनच ती ओळखीच्याकडून येते. भाच्याच्या लग्नाची पत्रिका कोण उघडणार नाही? वडिलांना 'अनोळखी फाइल उघडू नका' सांगून म्हणूनच उपयोग होत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'अननोन अ‍ॅप्स' शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर या तिघांचीही अ‍ॅप टाकायची परवानगी बंद आहे ना ते बघा. मग पत्रिका उघडली तरी फोन आधी अडवतो. अडवल्यावर तो परवानगी चालू करायचा रस्ताही दाखवतो, तेवढा त्या रस्त्याने जायचं नाही हे त्यांना एकदा करून दाखवा.

कॉलवरचा माणूस 'एक अ‍ॅप टाका, मी इथून दुरुस्त करतो' म्हणाला की त्याला तुमची स्क्रीन बघायचीय एवढंच समजायचं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्यांना माहीत असेलच, तरी एकदा सांगा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन येतात, तेव्हा विशेष.

जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री) चालू करा आणि रिकव्हरीला तुमचा नंबर द्या. पासवर्ड वहीत लिहिले तर चालतील. वही कपाटात ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. तुमच्या घरात चोर शिरला तर तो वही वाचत बसणार नाही.

आधारबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण ही आमच्या धंद्यातली लाज आहे. लोक प्रिंट काढायला आधारची पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि ती तिथेच राहते. मी एकदा माझं डाऊनलोड फोल्डर उघडून बघितलं तर अर्ध्या गावाची आधार कार्डं त्यात होती, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानासकट. पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. गावात हे कुणाला ठाऊक नसतं? तेव्हापासून दुकान बंद करताना मी फोल्डर रिकामं करतो. सगळे करत असतील असं समजू नका. वडिलांना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून द्या, त्याच्या चार प्रती घरात ठेवा, आणि आधारच्या वेबसाइटवरून बोटांचे ठसे लॉक करा. अंगठा लावून पैसे काढायचे व्यवहार त्याने बंद होतात. पुढे कुठे अंगठा द्यायची वेळ आली तर तेवढ्यापुरतं उघडता येतं.

एवढं करूनही एका गोष्टीला बटणाचा फोन पुरत नाही. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात' म्हणणारे. असली अटक कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं. पण घाबरलेला माणूस स्वतःच्या पायाने बँकेत जाऊन एफडी मोडतो. चोराची पहिली अट असते: घरात कुणाला सांगायचं नाही.

आमच्या आळीतल्या एका गुरुजींचे असे चार लाख गेले. ते माझ्याकडे पाचव्या दिवशी आले. मी विचारलं, एवढे दिवस का थांबलात? म्हणाले, 'मुलगा ओरडेल.' आधी कधीतरी चुकीचं रिचार्ज मारलं म्हणून मुलाने फोनवर अर्धा तास झापलं होतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून पाचव्या खात्यात जायला थोडाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, कळवलं तर मधल्या खात्यात रक्कम गोठवता येते. पाचव्या दिवशी काय गोठवणार? तेव्हा त्यांच्यासमोर आत्ताच कबूल करा की काहीही झालं तरी आवाज चढवणार नाही. आणि ते पाळा.

क्रम असा: आधी बँकेला फोन, मग १९३०, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. बँक पहिली का, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच येत नाही. व्यवहाराचा नंबर (यूपीआयचा बारा आकडी असतो) हाताशी ठेवा, तो सगळेच मागतात. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर असतात. डेबिट कार्डाच्या मागे असतो तो बटणाच्या फोनमध्ये २ या आकड्यावर, १९३० ला ३ वर आणि तुमचा ४ वर लावून द्या.

आणि गावातल्या त्या दुकानदाराला नाही म्हणणं जड जात असेल, तर जुन्या लॅपटॉपला त्याच्याकडूनच हार्ड डिस्कच्या जागी एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घ्या. लॅपटॉप खरंच पळायला लागेल, आणि माझ्यासारख्याच एकाचा धंदाही होईल.