मॅकवर एलियस चालेना, एलएस पण गायब!

प्रश्न : दादा, पाच वर्षं उबंटू लिनक्सवर काढली, आता ऑफिसने मॅक दिलाय. जुनी बॅशआरसी फाइल (बॅश या शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगची) तशीच होम फोल्डरमध्ये टाकली पण एकही एलियस, म्हणजे कमांडला दिलेलं छोटं नाव, चालेना. मित्र म्हणाला झेडएसएचआरसी (झेडशेलची तशीच फाइल) बनव, बनवली, त्यात पाथची (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची) एक ओळ लिहिली तर आता एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) टाकलं तरी 'कमांड नॉट फाउंड'. फॉरमॅट मारावा लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो फॉरमॅट कशाला! एलएस आहे तिथेच आहे, शेलकडची पत्त्यांची यादी तेवढी तुम्ही पुसलीत. पाथमध्ये स्वतःचं फोल्डर लिहिलंत आणि पुढे कोलन देऊन डॉलर पाथ जोडायचं विसरलात, दुसरं काही नसणार. आता एडिटर पूर्ण पत्त्याने उघडायचा, म्हणजे स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश नॅनो आणि पुढे झेडएसएचआरसी फाइलचं नाव, ओळ दुरुस्त करा, सेव्ह करा, नवीन टॅब उघडा, झालं.

आता एलियसचं. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आलं तेव्हापासून नव्या अकाउंटला झेडशेल मिळतो आणि तो बॅशआरसीकडे ढुंकूनही बघत नाही. (बॅश आहे मॅकमध्ये, पण ३.२ वरच अडकलेला, कारण ४.० पासून त्याचं लायसन्स जीपीएल ३ झालं आणि ते अ‍ॅपलला नको.) एलियसच्या साध्या ओळी झेडएसएचआरसीत जशाच्या तशा चालतात पण प्रॉम्प्ट (कमांड टाइप करतो त्याच्या आधी दिसणारा मजकूर) नाही चालत, बॅशमध्ये युजरच्या नावाला बॅकस्लॅश यू लिहितो तिथे झेडशेलला टक्का एन लागतो. शॉप्ट ही बॅशचीच कमांड, तिच्या ओळी सरळ उडवा. आणि मॅकचा एलएस बीएसडी या युनिक्स घराण्यातला, रंग हवे तर डॅश कॅपिटल जी.

फाइल सारखी सारखी सोर्स केली (चालू शेलला पुन्हा वाचायला लावली) की पाथमध्ये तीच फोल्डरं दहादा येतात, त्यावर टाइपसेट डॅश कॅपिटल यू पाथ ही एक ओळ पुरते, यातला पाथ मात्र स्मॉल अक्षरांत हं. बदल करताना जुना टॅब उघडाच ठेवा, नवीन टॅबमध्ये तपासा, काही फिसकटलं तर जुन्यातून दुरुस्त करता येतं. फाइल गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा पण एपीआय की (ऑनलाइन सेवांच्या गुप्त किल्ल्या), पासवर्ड त्यात अजिबात नकोत, ते वेगळ्या फाइलीत आणि ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत. आणि एलियसला नाव देण्याआधी टाइप कमांडने बघून घ्या की ते नाव आधीच कोणाचं आहे का. मी गिट स्टेटससाठी जीएस ठेवलं होतं, पीडीएफ बनवणाऱ्या घोस्टस्क्रिप्टची कमांडही जीएसच, पीडीएफ का बनत नाही म्हणून अख्खी दुपार डोकं खाजवत बसलो होतो.

प्रश्न : सर्व्हरवरच्या बॅशआरसीत हौसेने 'नमस्कार' प्रिंट करणारी ओळ टाकली, तेव्हापासून एससीपीने (दुसऱ्या मशीनवर फाइल पाठवणारी कमांड) फाइल जात नाही. लॉगिन मात्र नीट होतं.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा नमस्कारच आडवा आलाय. एससीपी करताना पलीकडे बॅशआरसी वाचली जाते आणि फाइलच्या डेटाच्या आधी तुमचा मजकूर येऊन पडतो, एससीपी गोंधळतो. उबंटूच्या मूळ बॅशआरसीत अगदी वर शेल इंटरॅक्टिव्ह (माणूस स्वतः कमांड टाकतोय असा) नसेल तर परत फिरा अशी केस स्टेटमेंटची तपासणी असते, ती असेल तर नमस्कार तिच्या खाली न्या, काढली असेल तर परत घाला.