फौजदारी खटल्याचे कागद कुठे शोधायचे, कसे मागायचे

महाराष्ट्रातल्या फौजदारी न्यायालयांतली कागदपत्रे शोधण्याविषयी आणि मिळवण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : नात्यातल्या मुलीसाठी स्थळ बघतो आहोत. मुलावर काही वर्षांपूर्वी पुण्यात मारामारीचा गुन्हा दाखल झाला होता, असे कानावर आले आहे. खटला चालला का, निकाल काय लागला, हे वकील न लावता कळू शकेल का? (सातारा)

बहुतेक वेळा कळते, आणि त्यासाठी पैसेही लागत नाहीत. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’च्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर ‘केस स्टेटस’मध्ये जा. राज्य, जिल्हा आणि मग कोर्ट कॉम्प्लेक्स निवडा. पहिली चूक इथेच होते. ‘पुणे’ म्हटले की लोक शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय निवडून मोकळे होतात. पिंपरी, बारामती, खेड इथली न्यायालये यादीत वेगळी आहेत. गुन्हा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला आणि ते ठाणे कोणत्या न्यायालयाकडे जोडलेले आहे, हे आधी विचारून घ्या. मुंबईत सत्र न्यायालय आणि मॅजिस्ट्रेट न्यायालये यांच्या याद्याही वेगवेगळ्या आहेत.

नावाने शोधायचे असेल तर नाव, वर्ष आणि ‘पेंडिंग’, ‘डिस्पोज्ड’ की दोन्ही, एवढे भरावे लागते. वर्ष म्हणजे खटला न्यायालयात नोंदला गेला ते वर्ष. गुन्ह्याचे वर्ष नव्हे. डिसेंबर २०१८मधल्या गुन्ह्याचे दोषारोपपत्र (चार्जशीट) २०१९मध्ये दाखल झाले असेल, तर खटला २०१९मध्ये सापडेल. म्हणून गुन्ह्याचे वर्ष आणि त्यापुढची दोन-तीन वर्षे तपासा. नाव इंग्रजी अक्षरांत नोंदलेले असते आणि स्पेलिंग ज्याने टंकले त्याचे. गायकवाड, वैद्य, चौधरी ही आडनावे तीन-चार प्रकारे लिहिलेली आढळतात. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची किंवा पहिल्या नावाची सुरुवातीची चार-पाच अक्षरे टाका. आरोपी अनेक असतील तर खटल्याच्या शीर्षकात पहिल्याचेच नाव आणि पुढे ‘व इतर’ एवढेच दिसते. पान उघडून आरोपींची पूर्ण यादी वाचा.

यापेक्षा खात्रीचा मार्ग एफआयआर क्रमांकाचा. पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाकले की त्या गुन्ह्याशी जोडलेली प्रकरणे समोर येतात. नंबर माहीत नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरच्या प्रसिद्ध एफआयआरमध्ये जिल्हा, ठाणे आणि तारीख घालून शोधा. एकाच गुन्ह्याखाली जामीन अर्ज, मुद्देमाल परत मागण्याचा अर्ज आणि मूळ खटला अशा दोन-तीन नोंदी दिसू शकतात. जामीन अर्ज निकाली निघाला म्हणजे खटला संपला, असे समजू नका. मॅजिस्ट्रेटपुढचा मूळ खटला ‘आर.सी.सी.’ (नियमित फौजदारी खटला) किंवा ‘एस.सी.सी.’ (संक्षिप्त फौजदारी खटला) या प्रकारात असतो, सत्र न्यायालयातला ‘सेशन्स केस’ किंवा ‘स्पेशल केस’ या प्रकारात.

खटला सापडला की सोळा अक्षरांचा-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टिपून ठेवा. सुरुवातीच्या चार अक्षरांत राज्य आणि जिल्हा, मग दोन अंकांत न्यायालय, सहा अंकांत अनुक्रमांक आणि शेवटच्या चारांत वर्ष असते. पुढच्या वेळी तेवढाच टाकला तरी पुरतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. एकाच नावाची अनेक माणसे असतात आणि पोर्टलवरच्या यादीवरून ती वेगळी ओळखता येत नाहीत. निकालपत्राच्या पहिल्या पानावर आरोपीचे वडिलांसह पूर्ण नाव, वय, धंदा आणि पत्ता असतो. तो जुळल्याशिवाय कोणाविषयी मत बनवू नका. निकालाचा प्रकारही नीट वाचा. आपसात तडजोड होऊन खटला मिटला असेल, तर कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. नुसता एफआयआर म्हणजे कोणीतरी केलेला आरोप. त्यावरून एखाद्याला गुन्हेगार म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : गुन्हा दाखल होऊन चार वर्षे झाली. एफआयआरची प्रत माझ्याकडे आहे, पण न्यायालयाच्या पोर्टलवर काहीच सापडत नाही. फिर्यादी मीच आहे. (बीड)

तीन शक्यता आहेत. एक, तपास अजून चालू आहे आणि दोषारोपपत्र दाखलच झालेले नाही. दोन, पोलिसांनी समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याची मागणी, न्यायालयाकडे पाठवला आहे. आपल्या राज्यात गुन्हा खरा पण तपास लागला नाही तर ‘अ’ समरी, तक्रार खोटी आणि द्वेषाने केलेली ठरली तर ‘ब’ समरी, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून गुन्हा नोंदला गेला असेल तर ‘क’ समरी मागितली जाते. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्येच सांगितले आहे. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली म्हणून फिर्यादीला पत्ता लागत नाही, असे होते. पोलीस ठाण्यात लेखी विचारा आणि ‘समरी पाठवली असल्यास जावक क्रमांक व तारीख द्यावी’ असे अर्जातच लिहा. तो क्रमांक घेऊन मॅजिस्ट्रेट न्यायालयाच्या कार्यालयात गेलात की प्रकरण सापडते. ‘ब’ समरी असेल तर उशीर करू नका. विरोध नोंदवायचा हक्क तुमचा आहे.

तिसरी शक्यता, गुन्हा गंभीर असल्याने मॅजिस्ट्रेटने खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग केला. मग जुना आर.सी.सी. क्रमांक ‘निकाली’ दिसतो आणि सत्र न्यायालयात नवा क्रमांक पडतो. इथेही एफआयआर क्रमांकानेच शोधा. तो बदलत नाही.

तुमच्याकडे एफआयआर आहे, पण कोणाकडे फक्त एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची, पावती असेल तर न्यायालयात शोधण्यात अर्थ नाही. अदखलपात्र तक्रारीचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही आणि बहुतेक एन.सी. ठाण्याच्या नोंदवहीतच राहतात.

प्रश्न : २०११ साली मी निर्दोष सुटलो. आता नोकरीच्या ठिकाणी निकालाची प्रमाणित प्रत मागतात. माझे वकील हयात नाहीत. काय करू? (पालघर)

वकील लागत नाही. ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथल्या नक्कल विभागात स्वतः अर्ज द्या. पोर्टलवरून उतरवलेली प्रत माहितीपुरती असते. नोकरीसाठी सही-शिक्क्याची नक्कलच लागेल.

अर्जात न्यायालयाचे नाव, खटल्याचा प्रकार, क्रमांक व वर्ष, ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध’ असे पूर्ण शीर्षक, कलमे, निकालाची तारीख, तुम्ही आरोपी क्रमांक कितवे, कोणता कागद हवा, किती प्रती आणि कशासाठी, एवढे लिहा. कोर्ट फी तिकीट लावा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. नकलेचे शुल्क पानांवर ठरते, तातडीची हवी असेल तर जादा पडते. आजचा दर खिडकीवर विचारून घ्या. अपील होऊ शकते अशा निकालाची नक्कल मागणाऱ्या आरोपीला ती फुकट द्यायची, अशी तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत आहे. तुमच्यासारख्या निर्दोष सुटलेल्या माणसाला मात्र शुल्क भरावे लागते.

अर्ज परत येण्याची कारणे जवळपास ठरलेली असतात. ‘संपूर्ण प्रकरणाची नक्कल मिळावी’ असे मोघम लिहिले जाते. निकालाखेरीज जबाब, पंचनामा किंवा वैद्यकीय दाखला हवा असेल तर प्रत्येकाचा निशाणी क्रमांक (न्यायालयाने त्या कागदाला दिलेला क्रमांक) द्यावा लागतो. तो माहीत नसेल तर आधी पाहणीचा अर्ज द्या, प्रकरण डोळ्यांखालून घाला, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) वाचा आणि निशाण्या उतरवून घ्या. दुसरे कारण, प्रकरण तिथे नसते. अपील झाले असेल तर मूळ कागद वरच्या न्यायालयाने मागवून घेतलेले असतात. ते परत येईपर्यंत खालून नक्कल निघत नाही, अर्ज वर करावा लागतो. तिसरे, अर्ज दिला पण त्रुटी दूर करायला किंवा उरलेले पैसे भरायला माणूस फिरकलाच नाही, म्हणून तो निकाली काढला जातो. अर्जाचा नक्कल क्रमांक लिहून घ्या आणि दिलेल्या तारखेला जा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पालघर जिल्हा २०१४मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. खटला सत्र न्यायालयातला असेल तर २०११ची फाइल कोणत्या अभिलेख कक्षात आहे, हे आधी दोन्हीकडे विचारा. खटला क्रमांक आठवत नसेल तर गुन्हा रजिस्टर नंबर आणि ठाण्याचे नाव द्या, त्यावरून रजिस्टरमध्ये शोध घेता येतो. जुन्या प्रकरणातले बरेच कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. म्हणून सुटकेचा निकाल हाती पडला की दोन प्रमाणित नकला काढून घरी ठेवाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

अपील करणाऱ्यांसाठी दोन ओळी. शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस मिळतात (फाशीच्या शिक्षेत ३०). नक्कल तयार होण्यात गेलेला काळ यातून वगळतात, पण अर्ज केल्यापासूनचाच. नकलेच्या शेवटी अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. ते पान फाडू नका किंवा झेरॉक्समधून गाळू नका.

प्रश्न : आमच्या गावातल्या एका प्रकरणाचे दोषारोपपत्र माहितीच्या अधिकारात मागितले तर मिळेल का? मी त्या खटल्यात पक्षकार नाही. (सोलापूर)

न्यायालयाच्या फाइलमधल्या नकलांसाठी माहितीचा अधिकार हा मार्ग नाही. उच्च न्यायालयाचे स्वतःचे नियम असताना त्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवले. दोषारोपपत्रे सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकावीत ही मागणीही त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये फेटाळली. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.

त्रयस्थाला मार्ग एकच, त्या न्यायालयाकडे कारण देऊन अर्ज. कागद कशासाठी हवा आणि तुमचा त्याच्याशी संबंध काय, हे प्रतिज्ञापत्रावर सांगा, निर्णय न्यायाधीशांचा. निकालपत्र किंवा आदेश मागितला तर परवानगी मिळणे सोपे जाते. साक्षीदारांचे पोलिसांपुढचे जबाब मागितले, तेही खटला चालू असताना, तर नकाराची तयारी ठेवा. आमच्या मते तो नकार योग्यच आहे, कारण साक्षीदाराला गावातच राहायचे असते. आरोपीला मात्र हे सगळे कागद हजर झाल्यापासून १४ दिवसांत मोफत मिळायला हवेत, आणि वकील दिलेला असेल तर पीडितालाही.

प्रश्न : एक एफआयआर पोर्टलवर नाही. मुद्दाम लपवली आहे का? (नाशिक)

एफआयआर २४ तासांत, अडचण असल्यास जास्तीत जास्त ७२ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे. त्यातून लैंगिक गुन्हे, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि दहशतवादाचे गुन्हे वगळलेले आहेत. आरोपीला तरीही प्रत मिळते. तो ठाण्यात अर्ज करू शकतो, किंवा मॅजिस्ट्रेटकडून प्रमाणित नक्कल घेऊ शकतो. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणून अशा निकालाची प्रत हाती आली तरी ती पुढे पाठवू नका. अल्पवयीन मुलांची बाल न्याय मंडळापुढची प्रकरणे तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही उघड करायची नसतात.

प्रश्न : मी कॅनडात राहतो. नागपूरच्या एका जुन्या, निकाली निघालेल्या खटल्याचे कागद व्हिसासाठी हवे आहेत. भारतात न येता काढता येतील का?

येतील. नागपुरातल्या नातेवाइकाला किंवा वकिलाला लेखी अधिकारपत्र द्या. सोबत तुमच्या पासपोर्टची साक्षांकित प्रत असू द्या. वकील असेल तर वकीलपत्र घ्यावे. न्यायालयांतल्या ई-सेवा केंद्रांत खटल्याची माहिती आणि ऑनलाइन नक्कल अर्जासाठी मदत मिळते, तिथे आधी विचारणा करायला सांगा. पासपोर्ट कार्यालय किंवा दूतावास देतो तो पोलीस दाखला आणि न्यायालयाची नक्कल, हे दोन वेगळे कागद आहेत. कोणता मागितला आहे ते पत्रात तपासा. निकाल आणि साक्षी मराठीत असतील तर भाषांतर लागेल. भाषांतरकाराने नकलेवरचे शिक्के, तारखा आणि समासातल्या सह्यांची नोंदही उतरवली आहे ना, ते पाहूनच कागद पुढे पाठवा.