मुलीला ‘प्रोटिओग्लायकन’वर संशोधन करायचंय, पोट भरेल का?

प्रश्न : मी औसा तालुक्यातला शेतकरी. मुलगी लातूरला बी.एस्सी. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा थोडक्यात हुकली. आता म्हणते, प्रोटिओग्लायकन आणि रोगप्रतिकारक पेशींवर पीएच.डी. करायची. पाहुणे म्हणतात, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून लॅबला लावा. या शिक्षणावर पोट भरतं का?

नमस्कार भाऊ,

भरतं, पण उशिरा. एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि पुढे पीएच.डी.ची पाच-सहा. नेट-जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्तीची परीक्षा निघाली तर सध्या महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे तेव्हापासून तुमच्यावर भार नाही. मधली दोन-तीन वर्षं मात्र तुम्हालाच काढायची आहेत.

मुलीनं निवडलेला विषय पोकळ नाही. शरीरात जंतू शिरला की डेंड्रिटिक पेशी, म्हणजे पहारा देणारी रोगप्रतिकारक पेशी, तो गिळते, त्याचे तुकडे करते आणि एक तुकडा एमएचसी नावाच्या रेणूवर धरून टी-पेशीला, म्हणजे जंतूशी लढणाऱ्या पेशीला दाखवते. ओळख पटली की टी-पेशी कामाला लागते. प्रोटिओग्लायकन म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या लागलेलं प्रथिन. एमएचसीच्या खाचेत ठरल्या वेळेआधी भलतंच काही बसू नये म्हणून ‘इन्व्हेरियंट चेन’ नावाचं प्रथिन ती खाच अडवून ठेवतं. यातल्या थोड्या प्रथिनांना कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाची साखरेची साखळी लागते, म्हणजे ती प्रोटिओग्लायकन होतात, आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतात. ही साखळी टी-पेशीवरच्या सीडी44 नावाच्या प्रथिनाला धरते आणि टी-पेशीचा प्रतिसाद वाढतो, हे 1993 मध्ये दाखवलं गेलं. लस असो की शरीर स्वतःवरच उलटतं तसा संधिवात, दोन्हींच्या मुळाशी हे ‘दाखवणं’च आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला यात गोडी वाटते, याचा मला फार आनंद झाला.

तरी तिला सांगा, आत्ताच एका रेणूला चिकटू नको. आधी बायोकेमिस्ट्री पक्की कर. कार्बोहायड्रेटचा, म्हणजे साखरेच्या रेणूंचा धडा आपली मुलं परीक्षेपुरता वाचतात, आणि तिला तर तोच लागणार आहे. एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही परीक्षा द्याव्यात. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडची विद्यापीठंही फॉर्ममध्ये ठेवावीत. पीएच.डी.ला पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था डोळ्यांपुढे असू द्यावी, तिथे याच पेशींवर काम चालतं. लस बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या पुण्यात आणि हैदराबादेत आहेत, आणि लातूरहून दोन्हीकडे एका रात्रीत पोचता येतं. पीएच.डी. नाही जमली तरी एम.एस्सी.वर तिथल्या गुणवत्ता-तपासणी विभागात नोकरीसाठी प्रयत्न करता येतो.

डीएमएलटी वाईट नाही, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली आहेत. पण ते पदवीनंतरही करता येतं, आज घाई नको. त्याआधी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करू द्या. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढता येतात, विद्यावेतनही मिळतं. पाऊस सरत आला की त्यांचं संकेतस्थळ बघत राहायला सांगा. तिथून परतल्यावर तिचा विचार तोच राहिला, तर मला पुन्हा लिहा, परीक्षांचं वेळापत्रक आपण बसून लावू.